कुलूपबंद थर्मोस्टॅट

...आणि वर मलाच म्हणतात, स्वेटर घाल! अहो, दोन घातलेत! वर मफलर, कानटोपी, आतून आईनं अकोल्याहून पाठवलेला लोकरीचा... जाऊ दे, ते चारचौघांत सांगत नाही. तुम्हाला सांगतो, शेहेचाळीस डिग्रीत वाढलेला माणूस मी, आणि इथे अमेरिकेत, पार्सिपनीत राहायला जागा मिळाली कुठे, तर हेमचंद्रकाकांच्या बेसमेंटमध्ये! त्यात नीलांबरीकाकूंचा भलामोठा फ्रीझर माझ्याच खोलीत. त्याचं झाकण उघडलं की खोलीत जरा ऊब यायची, शपथ सांगतो.

घरच्या हीटरचा थर्मोस्टॅट वर, काकांच्या हॉलमध्ये. त्यावर प्लास्टिकची पेटी, पेटीला कुलूप आणि किल्ली कुठे? काकांच्या जानव्याला! काटा कायम अठ्ठावन्नवर. फॅरनहाइट हो, म्हणजे आपले जेमतेम चौदा! जरा वाढवा म्हटलं की चष्म्यावरून बघणार, "आम्ही आलो तेव्हा, एकाहत्तर साली, एका ओव्हरकोटात तिघं ऑफिसला जायचो." आता तिघं एका कोटात कसे जायचे, एकदम की पाळीपाळीनं, हे विचारायची सोय नाही.

बरं, ड्रायव्हिंग टेस्टला मी दोनदा नापास, म्हणजे ऑफिसला सायकल आलीच. चार मैल! मिशीला बर्फ लटकतोय, ब्रेक गोठलेत, बोटं आहेत की गेली ते ऑफिसात मोजून बघायचं! पण सायकल होती म्हणून नोकरी होती. आणि शहाण्णवच्या जानेवारीत ते मोठं हिमवादळ, ब्लिझार्ड झालं, त्यानंतर काकांनी ड्राइव्हवेवर स्नोब्लोअर फिरवला, तर तो सगळा बर्फ उडवला कुठे? माझ्या सायकलवर! दोन तास उकरत होतो, पोळपाटानं! आणि काका खिडकीतून, "आम्ही आलो तेव्हा पोळपाटसुद्धा नव्हता." तेव्हाच ठरवलं, ह्या माणसाला घाम फोडायचा.

आठवड्यात संक्रांत आली. वर काकूंचं हळदीकुंकू, पंधरा बायका. काकू म्हणाल्या, प्रफुल्ल, फ्रीझरमधून खवलेल्या नारळाची पाकिटं आण रे. चार काढली, दगड नुसती. तीन किचनमध्ये दिली. चौथं? थर्मोस्टॅटच्या पेटीवर! पेटीला वरून फटी असतात ना, गार हवा थेट आत. पुढे कॅलेंडर टांगलं आणि सटकलो. थर्मोस्टॅट बिचारा, त्याला वाटलं घर गोठलं! हीटर जो सुटला धडधडत... सत्तर, ऐंशी, नव्वद! जरीच्या साड्यांतल्या बायका वाणाच्या ताटल्यांनी वारा घेतायत, काकांनी कोट काढला, स्वेटर काढला, शर्ट काढला, आणि बनियनवर बेडरूममध्ये अडकले! किल्ली जानव्याला, थर्मोस्टॅट हॉलमध्ये आणि मध्ये पंधरा बायका... येतील कसे?

मी खाली, एकटाच हसतोय. बेसमेंट? होतं तितकंच गार. ऊब वर जाते हे शाळेत शिकलो होतो, ऐन वेळी विसरलो. पण तुम्हाला सांगतो, त्या गारठ्यातसुद्धा जिवाला काय थंडक वाटली म्हणून सांगू!

ऊब मात्र वर जातच राहिली. हॉलमधून माळ्यावर, माळ्यावरून छपराला. आणि छपरावर त्या ब्लिझार्डचा दोन फूट बर्फ! आधी टपटप ऐकू आली. मग धडाम! अख्खा थर घसरून खाली आला. कुठे? काकांच्या स्नोब्लोअरपासून लांब, भिंतीला टेकवून, छपराच्या कडेखाली मी जिथे सायकल ठेवली होती, बरोब्बर तिथे! पुढच्या चाकाचा द्रोण झाला होता हो.

पोळपाट घेऊन उभा आहे, तोवर काका बाहेर आले. शर्ट घातलेला. एका हातात पाणी सुटलेलं नारळाचं पाकीट, दुसऱ्या हातात वाटी. म्हटलं, संपलं, आज सामान रस्त्यावर. त्यांनी पाकिटाकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि अगदी शांतपणे म्हणाले,

"आम्ही आलो तेव्हा आमच्याकडे सायकल नव्हती. आता तुझ्याकडेही नाही. घे, तिळगूळ घे."

घेतला. काय करता... गोड बोललो.