आत ओढलेला होकार

ओद्दवर : ...आणि त्या पर्यटक बाईचा चष्मा गेला पाण्यात. तू ढकललंस, आणि तो धक्क्यावरून थेट खाडीत.

सिग्ने : बरं झालं.

ओद्दवर : बरं झालं? सत्तरीची म्हातारी आहे ती.

सिग्ने : दुसऱ्याचं पोर उचलून चालायला पाय शाबूत होते ना तिचे? आणि मी ढकललं नाही. मी माझं मूल ओढून घेतलं, मध्ये तिचं नाक आलं.

तुरिद : आवाज खाली घे. खिडकीपाशी जहाजावरच्या पाहुण्यांची रांग आहे.

सिग्ने : असू दे. त्यांना कुठं कळतंय मी काय बोलते ते.

तुरिद : भाषा नाही कळत. ओरडणं कळतं.

ओद्दवर : हे बघ सिग्ने, मी आत्ता बंदराचा माणूस म्हणून आलेलो नाही. माझ्या बहिणीच्या स्वयंपाकघरात, तुझ्या नवऱ्याचा मामा म्हणून बसलोय.

सिग्ने : मग ती बंदराची टोपी काढ.

ओद्दवर : काढली. झालं? आता तूही इवेरला खाली ठेव, म्हणजे नीट बोलता येईल. मघापासून कडेवर घेऊन उभी आहेस.

सिग्ने : माझं मूल आहे, माझी कंबर आहे.

ओद्दवर : बरं, राहा उभी. माझं मागणं एवढंसं आहे. जहाज सुटायच्या आत खाली चल. शिडीपाशी ती बाई आहे, तिचा नवरा आहे, कप्तानाचा माणूस आहे. दोन शब्द बोल. गैरसमज झाला म्हण, हात मिळव, संपलं.

सिग्ने : कुणाचा गैरसमज झाला? माझा? मी दुकानात यीस्ट घ्यायला गेले. बाळाची गाडी दाराबाहेर लावली, आत पोर गाढ झोपलेलं. रोज लावते तशी लावली. तुझ्या आईनं तुझी लावली असेल तशीच. आत किती वेळ होते? यीस्ट कुठल्या फळीवर ठेवलंय ते विचारण्यापुरती. बाहेर येते तर गाडीची जाळी वर केलेली, मेंढीचं कातडं अजून कोमट, आणि आत पोर नाही. मी गाडीत हात घालून चाचपत राहिले, ओद्दवर. पार तळापर्यंत. जसं काही सात महिन्यांचं पोर मोज्यासारखं फटीत जाऊन बसणार होतं.

ओद्दवर : कळतंय मला.

सिग्ने : नाही कळत. मग मी पाण्याकडे बघितलं. सगळ्यात आधी पाण्याकडे. कुणी नेलं असेल हे डोक्यातच आलं नाही माझ्या. इथं कोण कुणाचं मूल नेतंय? इथं मूल दिसेनासं झालं म्हणजे पाण्यानंच नेलेलं असतं.

तुरिद : सापडला ना आपला इवेर.

सिग्ने : सापडला. जहाजाच्या शिडीवर पाय ठेवत होती ती, तेव्हा सापडला. आणि हा पठ्ठ्या, तिच्या गळ्यातली माळ चोखत बसला होता खुशाल.

ओद्दवर : डॉक्टरकडे नेत होती गं. जहाजावर डॉक्टर असतो. तिला वाटलं, कुणीतरी टाकून गेलंय बाळाला. त्यांच्याकडे रस्त्यात एकटं मूल दिसलं तर पोलीस येतात.

सिग्ने : मग त्यांच्याकडेच राहायचं होतं. इथं का येतात? गेल्या उन्हाळ्यात एक जण माझ्या खिडकीच्या काचेला नाक लावून उभा. मी आत पोराला पाजत होते. त्यानं हात हलवला. मीही हलवला, काय करणार? मासे वाळत घातलेत त्या मांडवाखाली उभे राहतात, नाक दाबतात आणि नाक दाबलेलेच फोटो काढतात. थडग्यांवर बसून डबे खातात. हे सगळं मी हसून सोडून दिलं. पण पोराला हात लावायचा नाही.

ओद्दवर : मासळीचा कारखाना बंद पडला तेव्हा शाळेत पोरं किती उरली होती, आठवतं ना? आज शाळा उघडी आहे ती त्या जहाजांमुळे. ही तुझ्या सासूची वॉफलची खिडकीसुद्धा.

तुरिद : माझ्या खिडकीला मध्ये आणू नकोस.

ओद्दवर : नाही आणत. आणखी एकच गोष्ट. बंदराच्या समितीत आत्ताच बोलणं झालं. ज्या दिवशी जहाज लागतं त्या दिवशी गाड्या आत ठेवायच्या. तेवढ्याच दिवशी.

सिग्ने : कुठल्या गाड्या?

ओद्दवर : बाळांच्या.

सिग्ने : म्हणजे पोरं घरात झोपवायची. का, तर पाहुण्यांना बघवत नाही. मग हिवाळ्यातला अंधारही काढून टाका, तोही नसेल बघवत त्यांना. आणि म्हाताऱ्यांना काठ्या टाकून ताठ चालायला सांगा.

तुरिद : तुझा नवरा तान्हा होता तेव्हा बाहेर गाडीत झोपलेल्या त्रोंडच्या भुवयांवर बर्फ धरायचं. उचलून आत आणला की वितळून नाकावरून ओघळायचं, तरी उठायचा नाही.

ओद्दवर : मी काय म्हणतो, त्या बाईनं काही येऊन एकदम झडप घातली नाही. विचारलं तिनं आधी.

सिग्ने : कुणाला विचारलं?

ओद्दवर : समोरच्या कुणा बाईला. बोटानं दाखवून विचारलं, बाळ एकटंच आहे का? तर त्या बाईला म्हणे धसकाच बसला. तोंड उघडलं, श्वास छातीत अडकला, पुढं बोलवेना. मग हिची खात्रीच पटली की काहीतरी भयंकर घडलंय.

सिग्ने : आपल्या गावात झोपलेलं पोर बघून कुणाला धसका बसेल?

ओद्दवर : तेच मला कळेना. वॉफलच्या खिडकीतली बाई, म्हणाली.

सिग्ने : तुरिद. तुला विचारलं तिनं?

तुरिद : (श्वास आत ओढत) हो.

ओद्दवर : हे बघ. हेच ते. अगं, आपला हा श्वास आत ओढून म्हटलेला 'हो' त्यांना ऐकूच येत नाही. त्यांना नुसता श्वास ऐकू येतो, वाटतं माणूस दचकलं. एका कप्तानाशी मी फोनवर बोलत होतो, तर दर 'हो'ला तो मला विचारायचा, तब्येत ठीक आहे ना?

सिग्ने : हसू नकोस.

ओद्दवर : हसत नाहीये.

सिग्ने : तू तिथं होतीस, तुरिद. तू बघत होतीस.

तुरिद : तिनं विचारलं, एकटंच आहे का. मी म्हटलं हो. एकटंच होतं. झोपलं होतं.

सिग्ने : आणि तिनं उचललं तेव्हा?

तुरिद : साच्यात वॉफल करपत होतं. खाली बघितलं. पुन्हा वर बघितलं तर गाडी जागेवर होती. गाडी जागेवर म्हणजे पोर गाडीत. आणखी काय बघायचं असतं?

सिग्ने : मी वेड्यासारखी धक्क्यावर धावत होते, तेव्हा तू वॉफलवर जॅम घालत होतीस.

तुरिद : घालत होते. मग? काय ऐकायचंय तुला? मी लग्नात पाद्र्यापुढे असाच 'हो' म्हटला. डॉक्टरनं विचारलं, बाईसाहेब, नवऱ्याचं श्वासाचं यंत्र बंद करायचं का, तेव्हाही असाच म्हटला. कुणाला चुकीचा नाही ऐकू आला. आता या वयात मी 'हो' कसा म्हणायचा ते जहाजावरून शिकवणार मला? आणि तू, ओद्दवर, गाड्या आत घ्या म्हणून सांगत फिरतोस. तुला कुठं झोपवत होती आई? कपाटात?

ओद्दवर : माझ्यावर का चिडतेस?

तुरिद : समोर दुसरं कोण आहे? जा खाली. तिला सांग, 'हो' मी म्हटला होता. ही काही येत नाही हात मिळवायला. आणि त्या फडताळात माझा जुना चष्मा आहे, तो नेऊन दे तिला.

ओद्दवर : वाचायचा आहे तो. लांबचं दिसायचं नाही तिला.

तुरिद : लांबचं बघूनच झालंय हे सगळं.

ओद्दवर : आणि समितीला काय सांगू?

सिग्ने : सांग, सिग्नेची गाडी उद्याही दुकानाच्या दारातच असेल. एक काय, दहा जहाजं लागली तरी तिथंच असेल.

ओद्दवर : जसं म्हणशील तसं. येतो मी.

तुरिद : गेला. चल, पोर डोळे चोळतंय. झोपेची वेळ टळली त्याची.

सिग्ने : माहीत आहे.

तुरिद : गाडी दारात आणून ठेवलीय मी. बाहेरचा वारा लागला की लगेच झोपेल.

सिग्ने : ठेवते.

तुरिद : दुकानापाशी नको तर इथं ठेव, माझ्या खिडकीखाली. मी आहे.

सिग्ने : मघाशीही तू होतीस.

तुरिद : होते.

सिग्ने : तसं नव्हतं म्हणायचं मला.

तुरिद : म्हण. खरंच आहे ते. दे इकडे, मी निजवते गाडीत. उन्हाची तिरीप येतेय, वरचा पडदा तेवढा ओढून घेऊ.

सिग्ने : थांब जरा.

तुरिद : काय झालं?

सिग्ने : आज बाहेर गार नाही वाटत?

तुरिद : वाटतं. बरंच गार आहे आज.