नदीकाठी बायको परत मागितल्याबाबत

मी तुळशीराम महादेव घागरे, वय ६८ वर्षे, धंदा संत्र्याची शेती, राहणार पांढुर्णा, मध्य प्रदेश. ठाण्यात समक्ष हजर राहून, कोणाच्या दबावाशिवाय, आणि मराठीतच लिहून घ्यावे अशी विनंती करून सांगतो की,

आज गोटमारीच्या दिवशी जाम नदीच्या काठावर मी "माही बायको वापस दे" असे ओरडत होतो, हे खरे आहे. माझ्या हातात दगड नव्हता, चष्म्याची डबी होती. पांढुर्ण्याच्या पोराने नदीपलीकडच्या सावरगावची पोरगी पळवली, म्हणून दोन्ही काठांवरून दगड मारण्याचा हा खेळ सुरू झाला असे म्हणतात. त्यामुळे लोकांनी माझे ओरडणे भलत्याच अर्थाने घेतले. पलीकडून कोणीतरी "नेली तर तुम्हीच होती ना बुवा" असे उत्तर दिले. हशा झाला. गर्दी तापेल म्हणून मला ठाण्यात आणले, ते योग्यच केले.

माझी पत्नी पंचफुला सावरगावची. तिला वारून तीन वर्षे झाली. घरी कॉम्प्युटर नवा आला तेव्हा माईक तपासताना तिचा आवाज त्यात भरला गेला होता, "अहो, उठा आता, चहा थंडा होऊन राहिला." तिचा धाकटा भाऊ गजेंद्र याचे सावरगावला कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान आहे. त्याने गंमत म्हणून असे करून दिले की कॉम्प्युटर सुरू झाला की हाच आवाज वाजावा. ती हयात असताना मला त्याचा वैताग होता. आता मी रोज सकाळी तेवढ्यासाठीच बटण दाबतो. दुसरे काही काम मला त्यावर येत नाही.

वर्षभरापासून कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ लावत होता. काळ्या पडद्यावर डिस्कची तपासणी चालू असल्याच्या ओळी यायच्या, आतून टकटक व्हायची. मी तक्रार केली नाही. पंचफुलालाही कुठे निघायचे म्हटले की तेवढाच वेळ लागायचा, मी चपला घालून दारात बसायचो. काल मात्र डिस्क वाचता येत नाही असे येऊन सगळे थांबले. मी गजेंद्रला बोलावले. त्याने नवीन डिस्क बसवली, जुनी खिशात टाकली, आणि गोटमारीसाठी पूल बंद होईल म्हणून घाईने निघून गेला.

आज सकाळी बटण दाबले. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच कॉम्प्युटर सुरू. आवाज आला तो नुसता टुंग. तिचा आवाज जुन्या डिस्कवर, आणि ती गजेंद्रच्या खिशात नदीपलीकडे. गजेंद्र फोन उचलेना, पूल बंद. म्हणून मी काठावर गेलो. मला दुसरे काही सुचले नाही.

खेळ आटोपल्यावर ठाण्याच्या दीपाली मॅडमनी गजेंद्रला बोलावून घेतले. तो म्हणाला, "भाऊजी, डिस्क मरून राहिली होती. तुमच्यापाशी ठेवली असती तर तुम्ही तिले पुन्हा लावून पाहायला सांगितलं असतं, अन् आवाज कायमचा गेला असता. म्हणून न सांगता नेली." हे माझ्या स्वभावाला धरून आहे, मी नाकारत नाही. फोन का उचलला नाही असे विचारता, डिस्कमधून आवाज निघेपर्यंत काय सांगू, असे म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. दगड लागला काय, असे मॅडमनी विचारले. तो नाही म्हणाला.

मग त्याने मॅडमच्या टेबलावर आपला लॅपटॉप उघडला. आवाज पूर्ण निघाला आहे. "उठा आता" ऐकल्याबरोबर मी उभा राहिलो. मॅडमनी चहा सांगितला.

माझी गजेंद्रविरुद्ध काही तक्रार नाही. फक्त नवीन डिस्कवर कॉम्प्युटर फार लवकर सुरू होतो, आणि ती इतक्या लवकर कधीच येत नव्हती, हे निदर्शनास आणतो. आवाज जरा उशिरा वाजेल अशी सोय तो करून देणार आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. आवाज दोनदा ऐकवला, तोही तसाच आहे.