गायरानाची तार

नार्नूरच्या बसथांब्यावर माझ्यामागे दोघी जावा उभ्या होत्या. थोरलीच्या हातात बकरीचा दोर होता.

"आक्का, बकरी माहेरी काऊन नेता?"

"गायरानाले तार ठोकली, विमल. झाडं हवेतला कार्बन धरतेत म्हणून जंगल वाढवून राह्यले. बस दिसते काय, पाय बरं."

"नाही. पण तिथं राखणदार तर तुमचाच धम्मपाल!"

"म्हणून तर! काल ही आत घुसली, धावड्याचे कोवळे कोंब खाल्ले. त्यानं माह्यादेखत काठी हाणली."

"बोलल्या नाही त्याले?"

"काय बोलू? त्याचेच डोळे भरले. म्हणे, माय, तुही बकरी सोडली तं साऱ्या गावाची ढोरं येतीन."

"मंग परत कवा आणसान?"

"हिचं तोंड पोचणार नाही एवढे झाडं वाढले का मंग."

"तवर ही जगन काय?"

"ही नाही. हिची नात आणीन."