प्रोसेसर वाट बघत होता

काशीमावशी, निपाणीहून सकाळच्या गाडीनं आलेले सगळे नातेवाईक, अनगोळातले शेजारी, प्राचार्य सर, आणि मुलांनो,

बाहेर व्हरांड्यात माणसं उभी आहेत, ती मला इथून दिसताहेत. रोज वर्गात उभी राहून बोलणारी बाई मी. पण आज नजर कुठं ठेवावी तेच समजत नाही. काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी शालिनी. मूळची येळ्ळूरची. कॉलेजात गणित शिकवते. सुजाता तिथंच कॉम्प्युटर शिकवायची. अनगोळात आम्ही दोघी एकाच घरात राहत होतो. काविळीचं निमित्त झालं, आणि आज तिचा फोटो या टेबलावर आहे.

आज सकाळी काशीमावशींनी, सुजाताच्या आईनं, मला जवळ बसवून घेतलं. तंबाखूच्या वखारीत राबून लेकीला शिकवलेली ही माउली. म्हणाल्या, "शालन, समदी म्हणत्यात लेक लई हुशार. पर ती नेमकं करीत काय हुती गं? मला कुणी सांगितलंच न्हाय."

मावशी, आज तेच सांगते. तुम्हाला समजेल असं सांगते.

गेल्या वर्षी कॉलेजात नवीन कॉम्प्युटर आला. एकच मोठं मशीन, आणि त्याला जोडलेली टर्मिनलं. एकेका टर्मिनलवर एकेक मूल बसणार. नवा प्रोसेसर जुन्यापेक्षा कितीतरी वेगवान, असं कंपनीनं सांगितलं होतं. आम्ही नारळ फोडला, पेढे वाटले. आणि सगळी मुलं एकदम कामाला बसली की मशीन जागच्या जागी रुतायचं. जुन्यापेक्षाही हळू! शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट तोंडावर आलेले. मुलं रडकुंडीला आली.

बेंगळुरूहून कंपनीचा इंजिनिअर आला. म्हणाला, याहून मोठा प्रोसेसर घ्यावा लागेल.

मग बैठक झाली. सर, तुम्ही त्या बैठकीत होता. मी हे कुणाला दोष द्यायला सांगत नाही. तुमच्यापुढं अडचण होती. तुम्ही म्हणालात, "तोपर्यंत गुणवत्ता यादीतल्या मुलांनाच टर्मिनल देऊ. निदान त्यांचं तरी नुकसान नको."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. सुजाता तेवढी म्हणाली, "सर, दार बंद करू नका. मला या सत्रापुरता वेळ द्या." तेवढा तुम्ही दिलात.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "तू कशाला अंगावर घेतेस?"

ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "शाळेत आमच्यात एक सूक्ष्मदर्शक हुता. बाई म्हणायच्या, हुशार मुलींनी पुढं या. मी मागं. शाळा सुटस्तोवर त्याला डोळा लावायला मिळाला न्हाय मला. बघितल्याबिगर मी हुशार कशी ठरणार हुते गं?"

आणि भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशीपासून ती त्या मशीनसमोर बसली. आधी एकच प्रोग्राम चालवला. झरझर चालला. मग दोन. मग आणखी. तोवर ठीक. आणि मग एकच जास्तीचा घेतला, की सगळंच कोसळलं. तिनं मला हाक मारली. "शालन, हे बघ. डिस्कचा दिवा विझतच न्हाय. प्रोसेसर दमला न्हाय गं. तो नुसता वाट बघत बसलाय."

मावशी, प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारा. त्याला लागणारं सामान हाताशी ठेवायची जागा म्हणजे मेमरी. तिथं मावत नाही ते लांब, डिस्कवर. कुणाचं काय हाताशी ठेवायचं आणि कुणाचं काय लांब पाठवायचं, हे ठरवणारा एक प्रोग्राम असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. तो प्रत्येकाच्या कामाची पानं करतो आणि पानापानानं आत-बाहेर करतो. आमच्या मशीनवर तो काय करत होता? जे पान आधी आलं, ते आधी बाहेर. मग ते एखाद्या मुलाला आत्ता, या क्षणी लागत असो की नसो. बाहेर काढलेलं पान पुढच्याच क्षणी परत मागवावं लागे. ते आणायला दुसऱ्याचं काढायचं. मग दुसरा अडला. सगळा वेळ ने-आण करण्यात. हिशेब करणारा हात बांधून बसलेला.

आणि खरी गोष्ट पुढं आहे. मशीन घडवणाऱ्यांनी सोय केलेली होती! पान वापरलं गेलं की त्याच्यावर एक खूण आपोआप उमटायची. ऑपरेटिंग सिस्टिम त्या खुणेकडं बघतच नव्हती. खूण रोज उमटत होती, आणि बघणारं कुणी नव्हतं.

कंपनीनं शिकवण्यासाठी म्हणून त्या सिस्टिमचा मूळ प्रोग्राम दिलेला होता. सुजातानं त्यातला मेमरीचा भाग नव्यानं लिहायला घेतला. पान काढण्याआधी खूण बघायची. नुकतंच वापरलेलं पान हलवायचं नाही. आणि सगळ्यांची पानं मावतच नसतील, तर एखाद्याचं काम थोडा वेळ बाजूला ठेवायचं, मग दुसऱ्याचं. पाळीपाळीनं. कायमचं बाहेर कुणालाच नाही.

पहिल्यांदा चालवलं, त्या दिवशी मशीन बंद पडलं. मुलांची कामं गेली. खानापूरकडची रेखा इथं समोर बसली आहे. गुणवत्ता यादीत तिचं नाव नव्हतं. तिचा प्रोजेक्ट त्या दिवशी पुसला गेला. ती हमसून रडली. स्टाफरूममध्ये बोलणं झालं, की बाईंनी चालतं मशीन बिघडवलं. सुजातानं जुनी सिस्टिम परत चढवली. मग रेखाच्या शेजारी खुर्ची घेतली आणि म्हणाली, "माझ्यामुळं गेलं ते. तू सांग, मी टाइप करते."

चूक तिला नंतर सापडली. डिस्कवरून येत असलेलं, अजून पुरतं न पोचलेलं पान तिची सिस्टिम रिकामं समजून दुसऱ्याला देत होती. तेवढं तिनं दुरुस्त केलं. आता पुन्हा चालवायची हिंमत होईना. मला म्हणाली, "परत पडलं तर यादीवाली बरोबर ठरतील गं." मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

पण चालवलं. झाडून सगळ्या टर्मिनलांवर मुलं बसली. डिस्कचा दिवा लुकलुकला, विझला, परत लुकलुकला. मशीन चालत राहिलं. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा कुणी उठेना. नवीन प्रोसेसर घेतला नाही. तोच होता. त्याची वाट बघणं तेवढं संपलं.

गुणवत्ता यादी मग दाराला लागलीच नाही. सर, तुम्ही स्वतः लॅबमध्ये येऊन तिला म्हणालात, "मॅडम, दार उघडंच राहू द्या." घरी येऊन ती किती हसली होती, माहीत आहे?

कंपनीचा तो इंजिनिअर परत आला. बघून गेला. तिनं केलेलं काम टेपवर घेऊन गेला. मग निरोप आला, की मॅडमनी बेंगळुरूला येऊन आमच्या लोकांना हे समजावून सांगावं. तोवर ती दवाखान्यात होती. डोळे पिवळेधमक. मी पलंगाजवळ बसून निरोप सांगितला. मला वाटलं, तिला किती आनंद होईल.

ती म्हणाली, "जाऊ की. पर आधी आईला कायतरी खायला घाल. सकाळपास्नं उपाशी हाय ती."

आमचं शेवटचं बोलणं ते. मावशी, तुम्ही तेव्हा बाहेर बाकावर बसला होता.

आता एकच सांगते आणि थांबते.

काल कॉलेजात ट्रंक कॉल आला. मीच घेतला. तोच इंजिनिअर होता. त्याला काही माहीत नव्हतं. कन्नडमध्ये उत्साहानं सांगत होता, की हॉल ठरवलाय, माणसं जमवलीत. "मॅडम यावाग बरतारे?" मॅडम कधी येणार?

मला बोलता आलं नाही. खरंच नाही. मी फोन खाली ठेवून दिला. इतक्या दिवसांत ते शब्द मी तोंडातनं काढलेलेच नाहीत. घरी नाही, कॉलेजात नाही.

आज तुम्ही एवढी माणसं आहात. तुमच्या आधारानं म्हणते.

सुजाता गेली.

आमची सुजाता गेली, मावशी.

रेखा, मावशींना धर. बाकीचे सगळे, आहात तिथंच उभे राहा. थोडा वेळ कुणीच काही बोलू नका.