पाइप वर, घर खाली

तुम्ही हसाल, पण शहापुरात आमच्या तळ्याकाठच्या आळीत गटारलाइन आली, तेव्हाची गोष्ट. घरची संडासाची टाकी सारखी तुंबायची. गुडघे दुखत असतानाही बायको संडासाला शेजाऱ्यांकडे जायची, म्हणून मी लाइनची वाटच बघत होतो. जोडणीला आलेला साहेब म्हणाला, "आजोबा, तुमचं घर पाइपाच्या पातळीखाली आहे, घाण वर चढणार नाही."

"साहेब, घर चाळीस वर्षं इथंच हाय. पाइप काल आला."

"मग संडास उंच बांधा."

काय करणार? बांधला, तीन पायऱ्यांचा. बायको पहिल्याच पायरीशी थांबली. "सिंहासन बांधलंत, आता राणीला वर नेणार कोण?"

तेव्हापासून हात धरून मीच नेतो. यंदा म्हसा गावची जत्रासुद्धा हुकली. राणीची हाक कधी येईल, सांगता येत नाही.