व्याकरण रडेल

नाई, उभी नको राहू, बस त्या खुर्चीवर — आजोबासाठी आली ना तू, मले दारातच समजलं. उद्या अकोल्यात फायनल, तू आमच्या अमरावतीच्या पोरींची कॅप्टन, अन् प्रॅक्टिस सोडून माया ऑफिसात. चहा सांगू? नको, तर नको. पहिलेच सांगून देतो जुईली, तुये आजोबा मोरोपंत उद्या कॉमेंट्रीले माइकवर बसणार नाईत. उद्याच नाई, मी या स्पर्धेची सेक्रेटरी आहो तोवर कधीच नाई. नियम आहे. पोरींच्या मॅचीत बॅट्समन म्हणाचं नाई, बॅटर म्हणाचं, मॅन ऑफ द मॅच नाई, प्लेअर ऑफ द मॅच, अन् खेळणारीले पुरुषावानी हाक माराची नाई. बॅट्समन तर खेळाच्या कायद्यातूनच काढून टाकला, तो काई मी घरून नाई आणला. बाकीचं मी जोडलं. सगळ्यायले सारखं आहे ते. तुया आजोबासाठी वेगळं नाई केलं — म्हणजे लिवतानी तेच डोळ्यापुढं होते, पण लागू सगळ्यायलेच आहे.

एका शब्दासाठी एवढं कावून, असंच विचारून राहिली ना? मंग आयक. तुया आजोबानं घरी सांगितलं नसन, त्यायले आठवतच नाई तर सांगतीन काय. चांदूर रेल्वेच्या शाळेत ते मले मराठी शिकवत. आमी भाजीवाले, बाप भगवंत, माय मनकर्णाबाई, वावरातली वांगी-मेथी स्टेशनाजवळ विकत. आमच्यात बाया बी 'मी येतो, मी जातो'च म्हणतात, आताही मी तेच बोलून राहिली, तू आयकतच आहेस. तर मोरोपंत मले वर्गात उभं करत. "येतो नव्हे, येते. मुलगी आहेस ना तू?" वर्ग हासे. मी 'येते' म्हटलं का बसू देत. बरं, ते जाऊ दे, मास्तर होते, शिकवाचं कामच होतं त्यायचं.

पण त्या साली गावात टूर्नामेंट झाली, पोरायची. माया भाऊ योगेश, त्याच्या टीमचा एक पोट्टा तापानं पडला, दुसरा कोणी भेटेना, तर योगेश म्हणे रागिणीले घ्या, ते आपल्यापेक्षा बरी टाकते. घेतलं. माइकवर कोण — मोरोपंत. त्यायचा आवाज म्हणजे, खरं ते खरं, सोन्यासारखा. मी बॉल हातात घेतला तर म्हणतात, "आता स्वयंपाकघराच्या बाजूनं गोलंदाजी." लोक हासले. मी टाकत राहिली. शेवटच्या ओव्हरीत समोरच्या टीमचा सेट झालेला पोट्टा, कुलदीप, त्याची दांडी उडवली अन् मॅच आमी जिंकलो. पंचायनं मायं नाव दिलं. स्टेजवर कप होता, पितळी, त्याच्यावर खोदलं होतं 'मॅन ऑफ द मॅच'. मोरोपंतायनं तो कप उचलला, मायाकडं पायलं, अन् माइकवर म्हणतात, "मंडळी, यावर 'मॅन' कोरलंय. पोरीला दिला तर व्याकरण रडेल." सारं मैदान हासलं, पार रुळाच्या पलीकडंपर्यंत. कप कुलदीपले गेला — हरलेल्या टीमच्या पोट्ट्याले, ज्याची दांडी मी उडवली त्याले. मले नारळ अन् ब्लाऊजपीस. अन् बाप, गाडा सोडून माया खेळ पायाले आला होता — तो बी हासला. टाळ्या वाजवल्या त्यानं. घरी येऊन म्हणे, सगळे हासून राहिले होते वं बाई, मास्तर हासून राहिले होते, मी एकटा कसा बिना हासता राहू. मंग दोन दिवस माया डोळ्याले डोळा नाई दिला त्यानं. लोकायचं हासणं मी कवाचीच इसरली. बापाचं नाई इसरली.

हाव, मी वाट पायली. खोटं कावून बोलू. कोच झाली, कमिटीवर आली, सेक्रेटरी झाली, अन् तुये आजोबा रिटायर होऊन अमरावतीले राहाले आले, नात खेळते म्हणून स्वतःच माइक मांगाले आले. याच खुर्चीवर बसले होते. मी म्हटलं, मले वळखलं का? चांदूर रेल्वे, भगवंतची पोरगी. तर लय खुश झाले. म्हणतात, "अगं, भगवंताची का तू? काय वांगी असायची त्याची." वांगी आठवली त्यायले. त्याच वक्ती माइक देऊन टाकला मी. म्हटलं, करा, फक्त नियम वाचून या.

वाचून आले, हे बी खरं. सगळ्या मॅची चुकले नाईत. मी पॅव्हेलियनमध्ये माइकच्या बटणाजवळ बसून राहो, कान लावून. फलंदाज म्हणत, खेळाडू म्हणत, त्या शब्दात बाई नाई का माणूस नाई. मले वाटाले लागलं, हा बुढा काई सापडत नाई. अन् मंग सेमीफायनल, तू मारलेला तो सिक्स, मैदानाच्या बाहेर, अन् त्यायचा आवाज फाटला — "मारला रे मारला, काय खेळतोय माझा वाघ." वाघ. खेळतोय. मी बटण दाबलं.

तुले वाटलं ना लाईट गेली? त्यायलेही तसंच वाटलं असन — नाई, त्यायले तर समजलंच नाई. ते बोलतच राहिले. बंद माइकमध्ये. हात हालून राहिले, मान हालून राहिली, डोळ्यात पाणी, अन् आवाज कोणाले जात नाई. मी पायत बसली. सांगू शकत होती, उठून चार पावलं जाऊन. नाई गेली. सारी ओव्हर बोलू दिलं. लोक त्यायच्याकडं पाहून हासाले लागले तवा त्यायनं माइक ठोकून पायला. तवा मी गेली अन् सगळ्यायसमोर सांगितलं, मोरोपंत, खेळतोय नव्हे, खेळतेय. मुलगी आहे ना ते?

हाव, मले मालूम आहे ते लाडानं म्हणाले. वाघ म्हणते माणूस पोरीले. माया बाप बी म्हणे. मंग?

काय म्हणून राहिली? — जरा मोठ्यानं. — घरी बोलतच नाईत? तवापासून? जेवाले बसतात अन् एक शब्द नाई?



बरं झालं. राहू दे. एका माणसाच्या चूप बसण्यानं काई होत नाई, बापानं डोळ्याले डोळा नाई दिला तवा आमच्या घरी कोणी विचाराले आलं होतं का? नाई, पाणी नको मले, मी ठीक आहो. तू खेळणार नाई म्हणतेस, नको खेळू. तुया टीममधल्या खुशीले कॅप्टन कराले सांगतो, ते बी चांगली आहे, तुयावानी नाई पण चांगली आहे. कॅप्टनची टोपी ठेवाची तर ठेव टेबलावर. मले रडून दाखवू नको, मी कोणासमोर रडली नाई.

जुईली — थांब जरा. त्यायले म्हणावं — म्हणावं का रागिणीनं —

काई नाई. काई नको म्हणू. जाय तू. दार लोटून घेजो.