उन्हाळ्यातली लोकर

सदर बाजाराच्या बसथांब्यावर माझ्यामागे दोघी उभ्या होत्या. एकीच्या थैलीतून लोकरीचे गुंडे डोकावत होते.

"काहून वं मनकर्णा, भर उन्हाळ्यात लोकर?"

"सासूबाईसाठी. सासरे गेल्यापासून त्यायनं बोलणंच सोडलं होतं. मंग मीच त्यायच्यासमोर मफलर विणाले बसली."

"मंग?"

"टाका चुकला. त्यायनं हातातून सुया ओढल्या, सारं उसवलं अन् म्हणाल्या, 'आईनं काहीच शिकवलं नाही काय तुले?'"

"अरे बापा!"

"देवाले हात जोडले वं मी. वर्षभरानं त्यायचा आवाज ऐकला. आता रोज शिकवून राहिल्या मले."

"मंग आलं असंन आता तुले!"

"घरी आली तर सांगू नको त्यायले. माहेरी मी पोरीयले विणकाम शिकवत होती."